ठिपका की ओघ

एका कानाला सळई लावलेली होती, म्हणून ते वाक्य तिच्या दुसऱ्या कानात शिरलं. "अहो, ऐकता का जरा? तुमच्या मागे डाग पडलाय." बोलणारी बाई समोरच्याच घरातली. कचऱ्याची पिशवी टाकायला घरच्या कपड्यांतच बाहेर आली होती आणि फुटपाथवर वाकलेल्या या अनोळखी बाईची पाठ नेमकी तिच्यासमोर आली होती. तिने इतक्या जवळ येऊन, इतक्या दबक्या आवाजात सांगितलं, की डाग जसा काही तिच्याच कपड्यांवर पडला होता. सळई हलली नाही. चेंबरमधल्या व्हॉल्व्हवर टेकवलेली लांब पोलादी सळई, तिच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी, वाटीला टेकलेला कान, आणि कानात जमिनीखालचं पाणी. हे सगळं एकदा जुळून आलं की मोडायचं नाही, हा तिचा नियम होता. डोकं न उचलताच ती म्हणाली, "रंग असेल. आमचा खुणेचा रंग असतो, लाल. गाडीत त्याच खोक्यावर बसते मी." बाईला ते पटलं नसावं. पिशवी हातात धरून ती जरा घुटमळली, रस्त्यापलीकडे कुदळी-फावडी घेऊन उभ्या असलेल्या पुरुषांकडे तिने एक नजर टाकली आणि जाता जाता म्हणाली, "काही लागलं तर बेल वाजवा हो. मी घरीच आहे."

काही लागलं तर. असं कुणी म्हटलं की तिची मान आपोआप ताठ व्हायची. लहानपणापासूनची खोड. ही पोरगी नाकावर माशी बसू देत नाही, असं तिची आई सगळ्यांना सांगायची, आणि सांगताना आईचं स्वतःचं नाकही जरा वरच असायचं. पाणीखात्यात ती लागली तेव्हा गळती शोधणारे सगळे पुरुष होते. बाईमाणसाला कार्यालयात बसवून नकाशे रंगवायला द्यायचे, असाच सगळ्यांचा बेत होता. मग एकदा कुणीतरी गंमत म्हणून तिच्या हातात सळई दिली. ज्या रस्त्यावर दोघा जाणत्यांनी दोनदा उकरून कोरडी मातीच वर काढली होती, तिथे ती बराच वेळ वाकून राहिली, मग थोडी बाजूला सरकली आणि पाय आपटून म्हणाली, "इथे." खणलं तर पाणी उसळून मुकादमाच्या तोंडावर आलं. तेव्हापासून तिला 'कानसेन' हे नाव पडलं. आधी चेष्टेने, नंतर खरोखरच्या आदराने. तिच्या खुणेवर खणलेला खड्डा कोरडा निघाला असं पुढे कधी झालं नाही. ही गोष्ट ती स्वतः कुणाला सांगत नसे. दुसरं कुणी सांगायला लागलं तर मात्र शेवटपर्यंत ऐकून घेत असे.

आत्ताही पाणी बोलत होतं. वाहतूक सुरू व्हायच्या आधीची ही वेळ तिने त्याचसाठी निवडलेली असायची. रस्ता गप्प झाला की खालचं ऐकू येतं. भरल्या नळातलं धावतं पाणी एका संथ सुरात असतं. नळाला चीर गेली की त्या सुरात एक बारीक शीळ मिसळते, आणि पाणी बाहेरच्या मातीवर आपटू लागलं की शिळेखाली एक खडबडीत घरघर येते. शेजारच्या घरातला फ्रिज, विजेच्या खांबाची गुणगुण, कुणाच्या तरी टाकीचा थेंब, हे सगळं मनातल्या मनात बाजूला सारायचं असतं. ती ते दाणे पाखडावेत तितक्या सहज करत आली होती. आज मात्र जमेना. शीळ ऐकू येत होती आणि ती डावीकडची की उजवीकडची ते कळत नव्हतं. दुसऱ्या कानात ते वाक्य ठाण मांडून बसलं होतं.

एका बोटाने खात्री झाली असती. हात मागे न्यायचा, बोट टेकवायचं, डोळ्यांसमोर आणायचं. रंग तेलकट असतो, त्याला वास असतो, तो वाळला की त्याची खपली धरते. रक्त तिला ओळखता आलं नसतं असं तर नाही. पण हात सळईवरून सुटेना, कारण तिला गेली कित्येक वर्षं पाळी आली नव्हती, आणि मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या गोळ्या थांबवताना सांगितलं होतं, "आता फक्त वाट बघायची. गर्भाशयाचं अस्तर खरंच आलं असेल तर ते आपोआप सुटेल. रक्त येईल. एखादा ठिपका येऊन थांबला तर त्याला काही अर्थ नाही. ठिपका नको, ओघ हवा." तिने विचारलं होतं, सोनोग्राफीत तर आधीपेक्षा जाड दिसतंय म्हणालात ना? "दिसतंय. मागच्या खेपेला दिसलं होतं ते नुसतं साचलेलं पाणी निघालं, आठवतंय ना? मी डोळ्यांवर विश्वास ठेवायचं सोडलंय." हे ऐकून तिला ती बाई पहिल्यांदा आवडली होती. डोळ्यांवर विश्वास न ठेवणारं माणूस तिला आपल्यातलं वाटायचं. पण म्हणूनच आता बोट लावायचं धाडस होईना. बोटाला रंग लागला तर सगळं तिथेच संपणार होतं. जोवर बघितलं नाही तोवर ते रक्त असू शकत होतं, आणि तेवढा वेळ तिला हवा होता. तिने सळई उचलली, दहा-बारा पावलं पुढच्या चेंबरपाशी गेली, झाकण सरकवलं, पुन्हा वाकली. वाकताना पाठ रस्त्याकडे येत होती, हे तिला माहीत होतं.

रस्त्यापलीकडची मंडळी एकाएकी आकाशाकडे बघू लागली. दोघे खणणारे, गाडीचा ड्रायव्हर, तिघांनाही वरती काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं. मुकादम वयाने मोठा, जाडजूड मिशांचा, एरवी तोंडाचा फटकळ. तो उगाचच खाकरला, रस्ता ओलांडून आला, अंगातलं जाकीट काढून तिच्या शेजारच्या लोखंडी अडथळ्यावर टाकलं आणि म्हणाला, "उकडतंय फार." तोंडातून वाफ निघत होती इतकी थंडी होती. तो परत जाता जाता थांबला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "बाई, तुम्ही निवांत ऐका. आपल्याला घाई नाही." तिला हसू आलं आणि रागही आला. बायकोला तिसरं मूल झालं तेव्हा ज्याने सगळ्या खात्याला पेढे नसले तरी चहा पाजला होता, त्या माणसाला एका डागाने थंडीत उकडायला लावलं होतं.

डाग. एके काळी तीही डागांना घाबरायची. शाळेत बाकावरून उठताना मैत्रिणीला मागे बघायला सांगायची. मग लग्न झालं, मग गर्भ राहिला, काही महिने राहिला आणि गेला. पिशवी साफ करावी लागेल म्हणाले, साफ केली. दुसरा इलाज नव्हता, कुणाची चूकही नव्हती. फक्त आतली जखम भरताना जास्तच भरली. आतल्या भिंती एकमेकींना चिकटल्या. पुढच्या महिन्यात पाळी आली ती ओशाळल्यासारखी, त्याच्या पुढच्या महिन्यात नुसता तपकिरी ठिपका, आणि मग तेही नाही. पहिल्यांदा तिला बरंच वाटलं होतं, कटकट गेली म्हणून. मग दुर्बिणीने आतले चिकटे सोडवले, ते पुन्हा धरले, पुन्हा सोडवले. गोळ्या झाल्या, सुया झाल्या. प्रयोगशाळेत तिचे आणि नवऱ्याचे गर्भ तयार झाले, गोठवले गेले, टिकाऊ असा शेवटी एकच उरला, आणि त्याला ठेवायला आत जागा तयार होईना. अस्तर कागदासारखं पातळ, असं प्रत्येक डॉक्टर म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी तिला कार्यालयातला नकाशांचा जुना कागद आठवायचा, घडीवर विरलेला. गळती शोधणाऱ्या बाईच्या अंगात गळती राहिली नाही, असं तिने एकदा नवऱ्याला सांगितलं. तो दात बनवायचा. दंतवैद्यांकडून आलेल्या साच्यांवर दिवसभर कवळ्या घडवायच्या हे त्याचं काम. त्याच्या शर्टाच्या बाहीला कायम पांढरी भुकटी लागलेली असे. तो हसला नाही. म्हणाला, "दात मी बनवून देईन, कान तुझे घेऊ. मधलं काय ते जमव म्हणजे झालं." मग दोघंही हसले, आणि हसता हसता तिने तोंड उशीत घातलं.

पाळी थांबली तरी ती पॅडचा पुडा दर महिन्याला विकत घ्यायची. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला कळू नये म्हणून सुरुवात झाली असेल. काय कळणार होतं त्याला, आणि कळून तो काय करणार होता? पण आपल्या घरात काहीतरी थांबलंय हे काउंटरवरूनही दिसता कामा नये, इतका तिचा तोरा होता. पुडा कामाच्या पिशवीत, हेडफोनच्या शेजारी पडून राहायचा. हळूहळू खात्यातल्या सगळ्या बायकांना ठाऊक झालं की अडीअडचणीला पॅड कानसेनकडे मिळतं. नव्याने लागलेल्या पोरी धावत यायच्या, कानाशी लागायच्या, ती काही न बोलता काढून द्यायची. "तुमच्याकडे नेहमी कसं हो असतं?" असं एकीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी तयारीत असते." आणि मग स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून उभी राहिली होती. कालच शेवटचं एक नव्या कारकून मुलीला दिलं. पिशवीत आत्ता काहीच नव्हतं. हे आठवलं आणि सळईवरची तिची मूठ आवळली गेली.

देता तिला सगळं यायचं. धाकटी बहीण एकदा हेच म्हणाली होती. बहिणीला सगळे छोटी म्हणत, दोन मुलांची आई झाली तरी. स्वतःच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, भांडी पुसता पुसता छोटीने अगदी सहज सुचवलं, "ताई, माझी पिशवी रिकामीच आहे की. तुझा गर्भ माझ्यात वाढव. मला दोन झाली, काही म्हणता काही त्रास झाला नाही." छोटीचं मन मोठं होतं, यात शंका नव्हती. पण 'काही त्रास झाला नाही' हे चार शब्द तिला झोंबले. ती म्हणाली, "तुझ्याकडे मी शाळेत कधी पेनसुद्धा मागितलं नाही." छोटीच्या हातातला फडका थांबला. "हो ना. तुला घेताच येत नाही, ताई. फक्त देता येतं. तोही एक माजच." त्यानंतर दोघींचं बोलणं आईच्या औषधांपुरतं उरलं. छोटीने रागाच्या भरात म्हटलेलं खरं होतं हे तिला त्याच दिवशी, घरी येईपर्यंत कळलं होतं. पण खरं आहे म्हणून काय झालं? तिला मूल हवं होतं, फार हवं होतं. पण त्याहीआधी तिला तिचं शरीर परत हवं होतं. दुसऱ्याच्या घरात भाड्याने ठेवलेलं सुख तिला पाहवलं नसतं. इतर बायकांना पाहवतं, त्या सुखी होतात, त्यांचं बरोबरच असतं. तिला नसतं पाहवलं, एवढंच. आपण हट्टी आहोत की मानी, याचा निवाडा तिने बऱ्याचदा करून पाहिला होता आणि प्रत्येक वेळी स्वतःच्या बाजूनेच दिला होता.

शीळ उजवीकडे होती. आता नक्की. ती आणखी थोडं पुढे सरकली, डांबरावरच सळई टेकवली आणि या वेळी वाटी कानाला न लावता कानामागच्या हाडाला लावली. आवाज दबलेला असला की ती असं करायची. हाडातून येणारा आवाज खोटं बोलत नाही, असा तिचा अनुभव होता. हाडाच्याच भरवशावर काही महिन्यांपूर्वी ती डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर पालथी झोपली होती, मज्जेतल्या पेशी काढून पिशवीत सोडायच्या होत्या, अस्तर पुन्हा यावं म्हणून; कंबरेचा भाग सुन्न केलेला, आणि डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, आता जरा ओढल्यासारखं वाटेल. तिला ओढ जाणवली, पण त्याआधी ऐकू आलं. सुई कंबरेच्या हाडात शिरताना जो करकर आवाज झाला तो बाहेर कुणालाच ऐकू गेला नसेल. तो पाठीच्या कण्यातून चढत थेट तिच्या कानात आला. मग मज्जा ओढली जाऊ लागली आणि तिच्या आतून, हाडाच्या पोकळीतून, एक बारीक शीळ निघाली. ती एकदम म्हणाली, "लागलं!" डॉक्टरीणबाई दचकल्या. "दुखतंय का?" "नाही. तुम्हाला लागलं. बरोबर जागी आहात तुम्ही." सगळ्या खोलीत हशा पिकला. त्या हशात ती पालथी पडून एकटीच अभिमानाने फुलून गेली होती, कारण त्या दिवशी कुणाकडून काही घ्यायचं नव्हतं. जे काही लागणार होतं ते सगळं तिच्याच हाडात होतं.

पेशी वेगळ्या काढणारा माणूस उंच, अबोल आणि जरा तुसडाच होता. नवऱ्याने त्याचं नाव माळी ठेवलं. माळी प्रयोगशाळेत येऊ देणार नाही म्हणाला. मग काचेपलीकडूनच त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. करड्या पडद्यावर पुष्कळ गोल ठिपके संथ तरंगत होते. "ह्या माझ्या?" तिने विचारलं. "तुमच्या. ह्यातल्या अगदी थोड्याच कामाच्या. त्या निवडून काढतो." "आणि बाकीच्या?" "बाकीच्याही तुमच्याच," तो म्हणाला, आणि हे बोलताना पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा सैल झाला. तिने विचारलं, आत सोडल्यावर ह्यांना कसं कळतं कुठे जायचं ते? माळ्याने खांदे उडवले. "खरं सांगू? आम्हालाही पुरतं माहीत नाही. मोडलेल्या जागी जातात असं दिसतं. काहीजण म्हणतात, त्या स्वतः अस्तर बनतच नाहीत. तिथे जाऊन आजूबाजूच्यांना उठवतात, कामाला लावतात." "म्हणजे मुकादम," नवरा म्हणाला. तिने त्याला कोपराने ढोसलं, पण पडद्यावरून नजर काढली नाही. तिच्या हाडात इतकी वर्षं निमूट बसलेले हे गोल गोल जीव, त्यांना कुणी कधी हाक मारली नव्हती. डॉक्टरीणबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी पुन्हा सांगते. हा अजून प्रयोग आहे. ज्यांच्यावर केलं त्यातल्या काहींना पाळी सुरू झाली. त्यातल्या काहींना मूल झालं. आणि काहींना काहीही झालं नाही." "त्या काहीजणी आता काय करतात?" तिने विचारलं. डॉक्टरीणबाई गोंधळल्या. असं कुणी विचारलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "कामावर जातात." तिला ते उत्तर पुरेसं वाटलं. तीही गेली असती. एका बारीक नळीतून त्या पेशी तिच्या आत सोडल्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीच ती सुट्टी असूनही खात्यात जाऊन आली होती, नुसतीच, खुर्चीत बसायला.

इथे. शीळ आणि घरघर एका जागी आली. कानामागचं हाड गुणगुणायला लागलं. तिने डोळे उघडले, टाचेने डांबरावर दाब दिला आणि हात मागे करून ओरडली, "रंग!" ड्रायव्हर धावत आला, डबा तिच्या हातात देऊन, नजर बुटांवर ठेवून तसाच मागे सरकला. तिने डबा सवयीने खडखडवला, टोपण काढलं, वाकली आणि दाबलं. रस्त्यावर निळी रेघ उमटली. ती तशीच वाकलेली राहिली. निळी. "हे काय?" तिचा आवाज तिलाच परका वाटला. "लाल संपला ना, बाई," ड्रायव्हर म्हणाला. "परवाच संपला. भांडारातून निळेच दिलेत सगळे. खोक्यात आता निळेच आहेत. का? चालणार नाही?" तिने डब्याकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. खोक्यावर ती आज बसली होती, काल बसली होती. खोक्यात लाल नव्हताच. "चालेल," ती म्हणाली. "चालेल, चालेल." आणि तिने निळ्या रेघेवर दुसरी निळी रेघ ओढून फुली पुरी केली, पण ती जरा वाकडी झाली. वाकडी फुली तिने याआधी कधी काढली नव्हती. "खणा," असं मुकादमाला सांगून, त्याचं जाकीट अडथळ्यावर तसंच सोडून, ती सरळ समोरच्या घराच्या दाराशी गेली आणि तिने बेल वाजवली.

दार लगेच उघडलं. बाई बहुतेक दारामागेच होती. न्हाणीघर दाखवताना ती सारखी तिचं सांत्वन करत होती. होतं असं कधीकधी, त्यात काय, माझं तर एकदा लग्नाच्या मांडवात झालं होतं. तिने आतून कडी लावली. छोटंसं न्हाणीघर, कोपऱ्यात ओली बादली, खिडकीत साबणाची चकती, तारेवर लहान मुलांचे मोजे. हे सगळं तिने फार सावकाश पाहिलं, कारण त्यानंतर जे पाहायचं होतं ते पाहायची तिला अजून भीती वाटत होती. मग पाहिलं. ठिपका नव्हता. रक्त होतं, ताजं, लाल, भरपूर. मांडीवरून ओघळ खाली गुडघ्यापर्यंत आलेला होता. आणि ते थांबत नव्हतं. ओटीपोटात एक जुनी, ओळखीची कळ आली, आणि तिला उमगलं की पहाटेपासून ती येत होती. आपण ती थंडी समजत होतो. जगातलं सगळं पाणी ऐकत फिरलो आणि हे एवढं जवळचं ऐकलं नाही. तिने भिंतीला हात टेकला. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. आला तो अभिमान. इतका सरळ, इतका निर्लज्ज की तिला स्वतःलाच हसू फुटलं. मी केलं हे. माझ्या हाडांनी केलं. मोडलेल्या जागी गेल्या त्या, गेल्या आणि उठवलं सगळ्यांना. तिने रक्ताचं बोट डोळ्यांसमोर धरलं आणि परीक्षेत पहिला नंबर आलेल्या पोरीने निकालपत्राकडे बघावं तसं ती त्याच्याकडे बघत राहिली.

मग लक्षात आलं की पॅड नाही. वर्षानुवर्षं घेतलेले ते सगळे पुडे, आणि आज एकही नाही. एरवी तिने रुमाल घडी करून भागवलं असतं, पण ओठांपर्यंत दुसरंच काही आलं होतं. तिने कडी काढली, दार किलकिलं केलं आणि खणखणीत आवाजात, बाहेर रस्त्यापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "अहो, मला पाळी आलीये. तुमच्याकडे पॅड आहे का?" कुदळीचा आवाज मधेच थांबला. बाई धावत आली, पुडाच घेऊन. "हळू बोला ना, सगळे पुरुष आहेत बाहेर." "असू देत." "माझ्या मुलीचे आहेत, चालतील ना? आणि माझी एक जुनी पँट देते, डाग फार मोठा आहे हो. लाजू नका, मागायला कसली लाज?" "लाजत नाहीये मी," ती म्हणाली. "पॅड द्या. दोन द्या. पँट नको." बाईने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि काय समजायचं ते समजली की नाही कोण जाणे, पण पुढे तिने आग्रह केला नाही. "पाणी तरी घ्या," म्हणाली. तिने तेही घेतलं. भांडंभर पाणी तिने एका दमात पिऊन टाकलं आणि आणखी मागितलं.

फोन तिने पायरीवर उभी राहून केला. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "ठिपका की ओघ?" "ओघ," ती म्हणाली. पलीकडे एक दीर्घ श्वास ऐकू आला. असे श्वास ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यात आनंद होता आणि तो दाबायची धडपडही होती. "चांगलं आहे. फारच चांगलं आहे. पण ऐका, ही सुरुवात आहे. याचा अर्थ मूल होईलच असा नाही." "माहितीये," ती म्हणाली. "होईल, नाही होणार. ते पुढचं पुढे. हे तर झालं ना?" "हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि जरा थांबून, "हे झालं. हे तुमचं झालं." नवऱ्याला फोन लावला तर मागे कवळ्या घासायच्या यंत्राची घरघर. त्याला आधी ऐकूच येईना. मग ऐकू आलं तेव्हा यंत्र बंद झालं. तो नुसता नाक ओढत राहिला. "रडू नकोस, साच्यात पाणी जाईल," ती म्हणाली. "संध्याकाळी लवकर ये," तो कसाबसा म्हणाला.

तिसऱ्या फोनला बोट अडखळलं. छोटीने घाबऱ्याघाबऱ्या उचलला. "ताई? काय झालं? आईला काही...?" "आई बरी आहे. छोटी, तुझ्याकडून मला एक हवं होतं." इतकी वर्षं छोटी हेच वाक्य ऐकायला थांबली होती. "काय हवंय? सांग ना." "इकडे ये. जुन्या पाण्याच्या टाकीमागचा रस्ता. आत्ता येशील?" "आत्ता? अगं, मुलांचे डबे... येते, येते. पण झालंय काय? काही घेऊन येऊ का?" "काही नको. मला तुला दाखवायचंय." "काय दाखवायचंय?" "डाग," ती म्हणाली. छोटीला दोन क्षण लागले. मग फोनमध्ये असा काही आवाज झाला की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला.

ती रस्त्यावर आली. ऊन आता घरांच्या गच्च्यांवर उतरलं होतं. शाळेला निघालेल्या दोन मुली तिच्याकडे बघून एकमेकींना कोपर मारत गेल्या. फुलीवर खड्डा कमरेएवढा झाला होता आणि खालची माती काळी, ओली निघत होती. "बाई, लागणार आता," मुकादम म्हणाला, आणि तिच्याकडे पाहून पुन्हा खाकरला. अडथळ्यावरचं जाकीट उचलून त्याने पुढे केलं. कंबरेला बांधायच्या बाह्या त्याने आधीच लांब करून ठेवल्या होत्या, बिचाऱ्याने. "घ्या," तो म्हणाला. "मला खरंच उकडतंय." "घेते की," ती म्हणाली. "मला थंडी वाजतेय." तिने जाकीट घेतलं आणि खांद्यांवर टाकलं. कंबरेपर्यंतही ते पोचलं नाही. मुकादम तोंड उघडून काही म्हणणार तोच खड्ड्यातून आरोळी आली आणि फुटलेल्या नळाचं पाणी वर उसळलं, खणणाऱ्यांच्या अंगावर, तिच्या बुटांवर, वाकड्या निळ्या फुलीच्या उरलेल्या टोकावर. सगळे ओरडत मागे झाले. ती झाली नाही. छोटी कुठल्या कोपऱ्यावरून येणार ते तिला माहीत होतं. त्या कोपऱ्याकडे पाठ करून, मान ताठ ठेवून, ती वाट बघत उभी राहिली.